‘टेन’ : एका मापाचे नाव
मॉरिस टेन, हिंदुस्थान टेन आणि गोंदिया परिसरातील मोटारयुग

(१)

१९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात देशी नावाने बाजारात आलेल्या आरंभीच्या मोटारींपैकी एकीचे नाव ‘हिंदुस्थान टेन’ असे होते. या जोडनावातील पहिले पद देशाचे आहे व ते कोणासही कळते. दुसरे पद इंग्रजी संख्यावाचक आहे, आणि ती दहा ही संख्या कशाची हा प्रश्न त्या काळच्या बहुतेक गिऱ्हाइकांना पडलाही नसेल. गाडीत दहा माणसे बसत नसत. तिच्या इंजिनाची खरी शक्ती दहा घोड्यांची नव्हती. तिच्या आधी त्याच नावाच्या नऊ गाड्याही झालेल्या नव्हत्या. ती संख्या एका करसूत्राचे उत्तर होते. ते सूत्र ब्रिटनचे होते, हिंदुस्थानात ते मोटारीवरील कराचा आधार नव्हते, आणि १९४८ च्या आरंभी ब्रिटनमधूनही ते हद्दपार झाले. अशा रीतीने कायदा मेला तरी त्याचे माप नावाच्या रूपाने समुद्र ओलांडून येथे वस्तीस राहिले.

माप, नाव आणि वस्तू यांच्या या संबंधाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. त्यासाठी दोन महायुद्धांच्या दरम्यान ब्रिटिश मध्यमवर्गासाठी निघालेली ‘मॉरिस टेन’ ही कुटुंबाची मोटार एका टोकास आणि जुन्या मध्य प्रांतातील गोंदियाचा परिसर दुसऱ्या टोकास घेतला आहे. ही दोन टोके परस्परांपासून फार दूरची वाटतात. तथापि कोणत्या मापाने मोजावयाचे हे ज्याच्या हाती असते, त्याच्या सोयीप्रमाणे यंत्राचा आणि रस्त्याचाही आकार ठरतो, ही गोष्ट या दोन टोकांमधील अंतरातच सर्वांत स्पष्ट दिसते.

(२)

ब्रिटनमधील रॉयल ऑटोमोबाइल क्लबने इंजिनाची अश्वशक्ती काढण्याचे एक सोपे सूत्र सिद्ध केले. सिलिंडरचा व्यास इंचांत घ्यावयाचा, त्याचा वर्ग करावयाचा, त्यास सिलिंडरांच्या संख्येने गुणावयाचे आणि येणाऱ्या गुणाकारास अडीचने भागावयाचे. जो आकडा येईल ती गाडीची अश्वशक्ती. ज्या काळी हे सूत्र बनले त्या काळच्या इंजिनांना ते बऱ्याच अंशी लागूही पडत होते. परंतु त्यात दट्ट्याच्या धावेचा, म्हणजे तो सिलिंडरमध्ये किती अंतर वरखाली जातो याचा, विचारच नाही. इंजिनाच्या गतीचाही नाही. इंजिने सुधारत गेली तशी प्रत्यक्ष शक्ती व सूत्राची शक्ती यांची फारकत वाढत गेली.

एरवी अशी सूत्रे विस्मरणात जातात. या सूत्राचे भाग्य निराळे होते, कारण ते सरकारी तिजोरीच्या उपयोगी पडले. १ जानेवारी १९२१ पासून ब्रिटनमध्ये या सूत्राने येणाऱ्या प्रत्येक अश्वशक्तीमागे वर्षाला १ पौंड असा मोटारकर सुरू झाला. याचा पहिला परिणाम अमेरिकन गाड्यांवर झाला. फोर्डच्या सुप्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडीच्या सिलिंडरचा व्यास पावणेचार इंच होता. सूत्राने तिची शक्ती २२.५ ठरली आणि अपूर्णांक पुरा धरून मालकास २३ पौंड भरावे लागू लागले. उलट हर्बर्ट ऑस्टिन याने १९२२ साली बाजारात आणलेल्या ‘ऑस्टिन सेव्हन’ या चिमुकल्या गाडीचा कर ८ पौंडांत भागे. स्टॅन्ली एज या अवघ्या अठरा वर्षांच्या आरेखकास हाताशी धरून ऑस्टिनने ही गाडी आखली होती. चार सिलिंडर, चारही चाकांना ब्रेक, आणि एका लहान कुटुंबास पुरेल एवढी जागा असे तिचे स्वरूप होते. १९३९ पर्यंत अशा सुमारे २ लाख ९० हजार गाड्या निघाल्या. मराठी वाचकास ती ‘बेबी ऑस्टिन’ या नावाने परिचित आहे.

दुसरा परिणाम अधिक खोल होता. कर फक्त व्यासावर असल्यामुळे व्यास लहान ठेवून धाव लांबविली की कर न वाढता इंजिनाचे आकारमान वाढविता येते, हे ब्रिटिश कारखानदारांच्या ध्यानी येण्यास वेळ लागला नाही. परिणामी त्यांची इंजिने अरुंद व लांब धावेची होऊ लागली. अभियांत्रिकीच्या दृष्टीने तो उत्तम आकार होता असे नव्हे. करमापनाच्या दृष्टीने तो स्वस्त होता. कायद्याने वस्तूचे केवळ मोल ठरविले नाही, तर तिची घडणही ठरविली.

तिसरा परिणाम भाषेचा. गिऱ्हाईक गाडी घेताना वर्षाचा कर किती हे प्रथम विचारी. तेव्हा कराचा आकडा हेच गाडीचे नाव झाले. सेव्हन, एट, नाइन, टेन, ट्वेल्व्ह ही नावे या काळात इतकी रूढ झाली की ती गाड्यांची प्रतवारीच बनली. एखाद्या कुटुंबाची ऐपत ‘एट’ची आहे की ‘टेन’ची, यावरून त्याचा सामाजिक दर्जा कळू लागला. काही कारखानदार ‘१२/५०’ असे दुहेरी आकडे लिहीत. त्यातील पहिला आकडा कराचा व दुसरा इंजिनाच्या खऱ्या शक्तीचा असे. एकाच ‘अश्वशक्ती’ या शब्दाचे दोन अर्थ एका तिरप्या रेषेने वेगळे केलेले होते.

(३)

विल्यम मॉरिस (१८७७–१९६३), पुढे लॉर्ड नफील्ड, याने ऑक्सफर्डजवळील काउली येथे मोटारींचा कारखाना उभारला. १९२१ च्या मंदीत किमती उतरवून त्याने बाजार काबीज केला, हे ब्रिटिश उद्योगाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १९३२ साली त्याच्या कारखान्याने ‘टेन’ ही मध्यम आकाराची कुटुंबमोटार काढली. तिच्या सिलिंडरचा व्यास ६३.५ मिलिमीटर, म्हणजे बरोबर अडीच इंच होता. अडीचचा वर्ग सव्वासहा, चार सिलिंडरांचे पंचवीस, अडीचने भागता दहा. अपूर्णांक मुळीच उरत नाही. यंत्रज्ञाने इंजिन आखले व मग कर मोजला असे येथे घडलेले दिसत नाही. करांकापासून उलट गणित करून व्यास ठरविला असे मानणेच सयुक्तिक ठरते.

१९३२ च्या या गाडीचे इंजिन १,२९२ घनसेंटिमीटरचे होते व दट्ट्याची धाव १०२ मिलिमीटर होती. १९३८ च्या शरद ऋतूत तिची ‘सीरीज एम’ ही नवी आवृत्ती निघाली. तिच्यात जवळजवळ सर्व काही बदलले होते. वेगळ्या सांगाड्यावर वरून पेटी बसविण्याची जुनी पद्धत टाकून पेटी व सांगाडा एकजीव करण्यात आला. झडपा सिलिंडरच्या माथ्यावर गेल्या. धाव ९० मिलिमीटर आणि आकारमान १,१४० घनसेंटिमीटर झाले. व्यास मात्र तोच राहिला, अडीच इंच. इंजिन आकाराने लहान व शक्तीने मोठे झाले, त्याची प्रत्यक्ष शक्ती करांकाच्या तिपटीहून अधिक झाली, आणि नाव ‘टेन’च राहिले. नाव वस्तूचे वर्णन करीत नसून तिच्या करपावतीचे वर्णन करीत होते, याचा याहून स्वच्छ पुरावा क्वचितच मिळेल.

परंतु याच मालिकेत याच्या उलट पुरावाही आहे, आणि शब्दार्थाच्या अभ्यासकास तो अधिक मोलाचा वाटेल. १९३३ साली मॉरिसने सहा सिलिंडरांची ‘टेन-सिक्स’ नावाची गाडी काढली; चार सिलिंडरांची ती ‘टेन-फोर’ व ही ‘टेन-सिक्स’. तिच्या सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर होता. सूत्राने हिशेब केल्यास तिची अश्वशक्ती दहा येत नाही, बारांहून किंचित अधिक येते. म्हणजे नाव ‘टेन’, कर त्याहून जास्त. एका वर्षाच्या आतच आकडा आपल्या अर्थापासून सुटून गाडीच्या वर्गाचे नाव बनू लागला होता. संख्यावाचक विशेषणाचे विशेषनाम होण्याची प्रक्रिया जेथे ते सूत्र जिवंत होते तेथेच सुरू झाली होती. हिंदुस्थानाने ती केवळ पूर्णत्वास नेली.

(४)

हिंदुस्थानात मोटारीचे आगमन एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस झाले. १९१९ साली मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनची स्थापना झाली, यावरून पहिले महायुद्ध संपेपर्यंत मोटारमालकांचा एक वर्ग तयार झाला होता हे दिसते. या वर्गाची पसंती मात्र ब्रिटिश गाड्यांस नव्हती. १९२० च्या दशकात येथील बाजारावर अमेरिका व कॅनडातील गाड्यांचा प्रभाव होता. फोर्डच्या कॅनडातील शाखेने १९२६ साली येथे कंपनी काढली आणि १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईस शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला. राज्य ब्रिटिशांचे आणि मोटारी अमेरिकन, ही विसंगती त्या काळच्या ब्रिटिश कारखानदारांस बोचत असे.

या विसंगतीचे कारण पुन्हा मापातच सापडते. मॉडेल टी गाडीच्या दोन चाकांमधील अंतर ५६ इंच होते. अमेरिकेतील मातीच्या रस्त्यांवर घोडागाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत ते बसावे हा त्यातील हेतू; अमेरिकेच्या दक्षिण भागातील चाकोऱ्या रुंद म्हणून तिकडे ६० इंचांची वेगळी गाडीही मिळे. ऑस्टिन सेव्हनच्या चाकांमधील अंतर ४० इंच होते. बर्मिंगहॅमच्या डांबरी रस्त्यावर त्याने काही बिघडत नव्हते. परंतु जेथे रस्ता म्हणजे गाड्यांच्या दोन चाकोऱ्या, तेथे अरुंद मोटारीचे एक चाक चाकोरीत आणि दुसरे मधल्या उंचवट्यावर अशी अवस्था होणार. शिवाय ब्रिटिश कुटुंबमोटारीचा तळ जमिनीलगत आणि इंजिन कराच्या भीतीने आखडलेले. मॉरिसने १९२० च्या दशकात साम्राज्यातील देशांकरिता म्हणून चाकांमधील अंतर व तळाची उंची वाढविलेली ‘एम्पायर ऑक्सफर्ड’ ही गाडी मुद्दाम काढून पाहिली. ती चालली नाही. १९३२ च्या ओटावा करारानंतर ब्रिटिश मालास जकातीत सवलत मिळाली आणि शहरांतून एट व टेन या वर्गांतील गाड्या दिसू लागल्या. त्यांची भिस्त या जकातसवलतीवर व पेट्रोलच्या काटकसरीवर होती. येथील रस्त्यांशी असलेल्या अनुरूपतेवर नव्हती.

हिंदुस्थानात मोटारीवर जो बोजा पडत असे त्याची मापे निराळीच होती. १९२७ साली नेमलेल्या रस्तेविकास समितीचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर (१८७३–१९५९) होते. कायदा, राजकारण व शिक्षण या क्षेत्रांतील जयकरांचे कार्य महाराष्ट्रास सुविदित आहे. रस्त्यांच्या इतिहासातील त्यांचे स्थान त्या मानाने उपेक्षित राहिले. रस्ते ही केवळ प्रांतिक वा स्थानिक संस्थांची बाब राहू नये, मध्यवर्ती सरकारने तिचा भार उचलावा आणि त्यासाठी पेट्रोलवर जादा कर बसवून वेगळा निधी उभारावा, असा त्या समितीच्या १९२८ च्या अहवालाचा आशय होता. त्याप्रमाणे १९२९ साली पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर बसला आणि मध्यवर्ती रस्तेनिधी अस्तित्वात आला. १९३४ साली स्थापन झालेली इंडियन रोड्स काँग्रेस हेही त्याच शिफारशींचे फळ होय.

येथे मोजले जात होते ते सिलिंडरचा व्यास नव्हे, जाळलेले पेट्रोल. पुढे मुंबई राज्याच्या १९५८ च्या मोटारकर कायद्यात खाजगी मोटारीवरील कराचा आधार रिकाम्या गाडीचे वजन हा होता. म्हणजे लांब धावेच्या अरुंद इंजिनाने इंग्लंडात जो फायदा मिळे तो येथे कोणासही मिळत नव्हता. गैरसोय मात्र तीच होती.

(५)

गोंदिया हे नगरच मुळी मापांच्या भेदावर वाढलेले आहे. १८८० च्या दशकाच्या आरंभी नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारा लोहमार्ग येथून गेला तो मीटर मापाचा होता. १८८७ साली बंगाल–नागपूर रेल्वे कंपनीने तो आपल्याकडे घेऊन साडेपाच फुटी रुंद मापाचा केला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून उत्तरेस नैनपूर–जबलपूरकडे अडीच फुटी अरुंद मार्ग निघाला आणि त्यानंतर दक्षिणेस नागभीड–चांद्याकडेही तसाच दुसरा मार्ग झाला. लोकभाषेत यांची ‘बडी लाईन’ व ‘छोटी लाईन’ अशी विभागणी झाली. मापे जुळत नाहीत तेथे माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागतो. त्याबरोबर हमाल येतात, गोदामे येतात, अडत्ये येतात. जंगलातील डिंक, लाख व तेंदूची पाने, भोवतालच्या तलावांच्या पाण्यावर पिकलेला तांदूळ, आणि पुढे बिडीचा धंदा या सर्वांस गोंदियाच्या या स्थानाचा लाभ झाला. डिंकास तिकडे गोंद म्हणतात व त्यावरूनच गावास नाव पडले, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते.

रस्त्यांची स्थिती याहून भिन्न होती. त्या काळी भंडारा जिल्ह्यात भंडारा, गोंदिया व साकोली अशा तीन तहसिली होत्या. नागपूरहून रायपूरकडे जाणारा ‘ग्रेट ईस्टर्न’ हमरस्ता भंडारा, साकोली व देवरी यांवरून जाई. तोच आजचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३, ज्यास २०१० पूर्वी क्रमांक ६ असे म्हणत. गोंदिया या हमरस्त्यावर नाही. ते त्याच्या उत्तरेस, लोहमार्गावर आहे. गोरेगाव व कोहमाऱ्यावरून त्यास हमरस्त्याशी जोडणारी वाट आहे. म्हणजे व्यापाराचे गाव एका बाजूस आणि मोटारीचा मार्ग दुसऱ्या बाजूस. अशा ठिकाणी धनिकास मोटार घेणे परवडले तरी तीत बसून कोठे जावयाचे, आणि पावसाळ्यात परत कसे यावयाचे, हा प्रश्न राहतोच.

या परिसरात सडक किती विरळ होती याची साक्ष ग्रामनामे देतात. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी नावाची दोन तालुक्यांची गावे आहेत. त्यांतील एकीची ओळख शेजारच्या गावावरून ‘अर्जुनी मोरगाव’ अशी झाली आणि दुसरीची ‘सडक अर्जुनी’ अशी. एका नावाची दोन गावे वेगळी करावयाची तर जे एकीपाशी आहे व दुसरीपाशी नाही तेच विशेषण होऊ शकते. जेथे प्रत्येक गावास सडक असते तेथे ‘सडक’ हे पद कोणत्याही गावाची खूण होऊ शकत नाही. या दृष्टीने ‘सडक अर्जुनी’ हे नाव म्हणजे अनेक गावांच्या सडकविरहित स्थितीची नोंद आहे.

मध्यवर्ती रस्तेनिधीच्या वाटपाची पद्धत या स्थितीवर उपाय करणारी नव्हती. मध्यवर्ती राखीव रक्कम बाजूस काढल्यावर उरलेला निधी प्रांतांना त्यांच्या पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात मिळत असे. कर ज्याने भरला त्यास त्याचा मोबदला, हे तत्त्व वरकरणी न्याय्य दिसते. परंतु त्याचा अर्थ असा की जेथे मोटारी आहेत तेथे रस्त्यांना पैसा, आणि जेथे रस्ते नाहीत म्हणून मोटारी नाहीत तेथे पैसाही नाही. मुंबई, कलकत्ता यांसारखी शहरे पोटात असलेल्या प्रांतांस हे माप सोयीचे होते. मध्य प्रांतातील झाडीपट्टीसारख्या जंगलपट्ट्यास ते जाचक होते. चाकोरी पडली ती तशीच खोल होत जावी, असा हा प्रकार होता.

या मापात बदल सुचविणारी योजना, योगायोगाने, त्याच प्रांताच्या राजधानीत तयार झाली. डिसेंबर १९४३ मध्ये सर्व प्रांतांच्या व संस्थानांच्या मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूर येथे भरली. तिने आखलेली वीस वर्षांची योजना ‘नागपूर योजना’ म्हणून प्रसिद्ध आहे. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हामार्ग व ग्रामरस्ते ही आज सर्वपरिचित असलेली श्रेणी तिने निश्चित केली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणत्या प्रदेशास किती लांबीचे रस्ते हवेत हे ठरविताना तेथील शेतजमिनीचे क्षेत्र, इतर क्षेत्र आणि लहानमोठ्या गावांची संख्या ही तिने हिशेबात घेतली. दर १०० चौरस किलोमीटर क्षेत्रास सरासरी १६ किलोमीटर रस्ता हे तिचे उद्दिष्ट होते. रस्त्याची गरज पेट्रोलच्या खपावरून न मोजता गावांच्या अस्तित्वावरून मोजावी, हे तत्त्व येथे मान्य झाले. योजना प्रत्यक्षात सर्वत्र सारखी उतरली असे नाही. तरी माप बदलले ही घटना स्वतंत्र महत्त्वाची आहे. कारण जे मोजलेच जात नाही त्याची मागणीही करता येत नाही.

(६)

मोटार ज्या प्रदेशात क्वचित दिसे तेथे तिचे शब्द मात्र तिच्या आधी आणि तिच्याहून खोलवर पोचले. या शब्दांच्या तीन तऱ्हा दिसतात.

पहिली तऱ्हा मूळ अर्थ हरवलेल्या विशेषनामांची. ‘स्टेपनी’ हा शब्द मराठीत जादा चाकासाठी रूढ आहे. वेल्समधील लनेथ्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर विसाव्या शतकाच्या आरंभी ज्या जादा चाकाचा धंदा सुरू झाला त्यावरून हे नाव पडले. इंग्लंडात तो शब्द जवळजवळ विसरला गेला. येथे तो ट्रकचालकापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. ‘डिकी’चेही तसेच. जुन्या मोटारींच्या पाठीमागे उघडमिट करणारी जादा बैठक असे, तिला डिकी म्हणत; बैठक गेली, सामानाची जागा आली, शब्द तोच राहिला. ‘टेन’ हे याच कुळातील नाव होय.

दुसरी तऱ्हा भाषांतरित शब्दांची. ‘अश्वशक्ती’ हा त्याचा ठळक नमुना. गंमत अशी की ज्या प्रदेशात ओझे ओढण्यास बैल जुंपतात व घोडा हा मानाचा किंवा टांग्याचा प्राणी, तेथे शक्तीचे माप घोड्यात सांगावे लागले. बंडी, रेंगी, दमणी ही झाडीपट्टीतील वाहने बैलांची; ण-काराच्या जागी न-कार उच्चारणाऱ्या झाडीबोलीत ‘दमनी’. शंकरपटाच्या शर्यतीत ज्या भागातील लोक बैलजोडीच्या वेगाची बारीक पारख करतात, त्या भागाच्या पाठ्यपुस्तकात ‘अश्वशक्ती’ आली ती बाहेरून ठरलेल्या मापाच्या रूपाने.

तिसरी तऱ्हा देवाणघेवाणीची. ‘मोटार’ या शब्दास मराठीत स्त्रीलिंग मिळाले ते ‘गाडी’च्या साहचर्याने. खेड्यात ‘मोटर’ म्हणजे पुष्कळदा प्रवाशांची बस. पुढे विहिरीवर विजेचा पंप आला तेव्हा त्यासही ‘मोटर’च म्हणू लागले. तेथे तिने ‘मोटे’ची जागा घेतली. मोट आणि मोटर यांत केवळ ध्वनिसाम्य आहे, व्युत्पत्तीचा संबंध नाही. तरीही एकीच्या जागी दुसरी इतक्या सहजतेने बसली की ऐकणाऱ्यास ते एकाच शब्दाचे वाढलेले रूप वाटावे. बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी पट्ट्यास ‘धाव’ असा सुरेख शब्द आहे. मोटारीच्या रबरी चाकाने तो घेतला नाही, ‘टायर’च आणला. आणि मग उलट घडले : बंडीस रबरी चाके लागली आणि ‘टायरची बंडी’ हे नाव आले. मोटार खेडुताच्या दारी आली नाही, परंतु तिचे चाक आले. आणि चाकाबरोबर शब्द आला.

(७)

देशात मोटारींची जुळणी नव्हे तर उत्पादन व्हावे, हा विचार १९३० च्या दशकात मूळ धरू लागला. विश्वेश्वरय्या यांनी त्याची योजना आखली. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी तिचा पाठपुरावा केला. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी त्यांनी करार केला. युद्धकाळात ब्रिटिश सरकारचे साहाय्य मिळाले नाही. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन होऊन मुंबईस कुर्ला येथे तिचा कारखाना उभा राहिला. बिर्ला घराण्याने १९४२ साली काढलेल्या हिंदुस्थान मोटर्सने नफील्डच्या मॉरिस कंपनीशी संबंध जोडला व प्रथम काठेवाडातील ओखा बंदरात जुळणी सुरू केली. पुढे बंगालमधील उत्तरपाडा येथे मोठा कारखाना झाला. ‘हिंदुस्थान टेन’ ही गाडी म्हणजे १९३८ ची ‘मॉरिस टेन, सीरीज एम’च होय.

तिच्या आगमनाची वेळ ध्यानात घेण्याजोगी आहे. ब्रिटनने १९४७ साली नव्या गाड्यांसाठी व्यासाचे सूत्र सोडून इंजिनाच्या आकारमानावर कर बसविला, आणि १९४८ च्या आरंभापासून सरसकट १० पौंडांचा कर केला. मॉरिस टेनचे उत्पादन तेथे १९४८ मध्ये संपले. ज्या वेळी ‘टेन’ या संख्येस ब्रिटनमध्ये नव्या गाड्यांसाठीही कायद्याचा आधार उरला नव्हता, नेमक्या त्या वेळी ती स्वतंत्र देशाच्या नावास जोडली गेली. तिचे भाषांतर कोणी केले नाही. ‘हिंदुस्थान दहा’ असे म्हणण्याचे कोणास सुचलेही नाही, कारण येथे ती संख्याच नव्हती, नुसते नाव होते. जे पद अर्थ सांगते त्याचे भाषांतर होते. जे पद केवळ ओळख सांगते ते जसेच्या तसे उचलले जाते. पुढे मॉरिस ऑक्सफर्डच्या १९५० च्या दशकातील रूपावरून ‘अॅम्बॅसडर’ झाली. तिचेही नाव भाषांतरित झाले नाही, आणि १९६० च्या दशकात ‘राजदूत’ हे नाव एका मोटारसायकलीकडे गेले. २०१४ साली अॅम्बॅसडरचे उत्पादन थांबले तेव्हा काउलीहून आलेल्या या परंपरेचा शेवट झाला.

या घटनांना केवळ अनुकरण म्हणून बाजूस सारणे योग्य होणार नाही. परकीय नमुन्यावर काम करीत असतानाच येथील कारागीर, यंत्रज्ञ व सुट्या भागांचे कारखानदार तयार झाले. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर केवळ जुळणी करणाऱ्यांस उत्पादनाचा कार्यक्रम मांडणे भाग पडले आणि जनरल मोटर्सने १९५४ साली शिवडीचा कारखाना बंद केला, हेही तितकेच खरे. तथापि आरंभीची निवड येथील रस्ता, येथील ओझे व येथील प्रवासी यांच्या मापाने झाली नव्हती, ही गोष्ट त्यामुळे बदलत नाही. ऑक्सफर्डच्या कारकुनास वर्षाला किती कर परवडेल या प्रश्नाचे उत्तर हे स्वतंत्र हिंदुस्थानच्या मोटारीचे प्रारूप ठरले.

गोंदियाच्या परिसरास सार्वजनिक वाहन मिळाले ते वेगळ्या मार्गाने. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. त्यानंतर राज्य परिवहनाची बस हेच तेथील बहुसंख्य लोकांचे मोटारवाहन ठरले. तिच्या मार्गाचा विचार करताना कोणाची ऐपत कोणत्या वर्गाची हे विचारले जात नव्हते. गाव आहे की नाही आणि तेथवर रस्ता पोचला आहे की नाही हे विचारले जात होते. १९४३ साली नागपुरास मान्य झालेल्या मापाचीच ही पुढची पायरी होय.

१ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि त्यास वाहननोंदणीचा ‘एमएच ३५’ हा क्रमांक मिळाला. ही पस्तीस कशाची, असे आज कोणी विचारीत नाही. ती जिल्ह्याची ओळख झाली आहे. संख्या असे रूप घेऊ लागली की इतिहासकाराने व भाषाभ्यासकाने सावध व्हावे. अशा प्रत्येक संख्येच्या तळाशी एखादी यादी, एखादे सूत्र किंवा एखादा कर असतो, आणि तो कोणी, कोणासाठी ठरविला हे शोधल्यावाचून त्या नावाचा अर्थ पुरा लागत नाही.